सतराबाईंचा सत्कार

संशोधन केंद्रातल्या गाईंना नावं ठेवायची नाहीत, नुसते नंबर द्यायचे. जीव लागायला नको, हा डॉक्टरीणबाईंचा नियम. गोठा सांभाळणाऱ्या मावशी तो तंतोतंत पाळायच्या. सतरा नंबरच्या गाईला त्या ‘सतराबाई’ म्हणायच्या. व्यायल्यावर सतराबाई बसल्या त्या उठेचनात. सगळ्यांनी आशा सोडली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी नवं औषध पहिल्यांदा त्यांनाच टोचलं. तिसऱ्या दिवशी सतराबाई उभ्या राहिल्या. मग त्याच औषधाने गावोगावच्या गाई उठल्या. अहवालाच्या शेवटी आभार मानताना डॉक्टरीणबाईंच्या हातून ‘सतराबाई’ लिहिलं गेलं. मुख्य कार्यालयाने कर्मचारी समजून ‘श्रीमती सतराबाई’ यांना मानपत्र धाडलं. “चूक कळवायला हवी,” गोठ्यात स्टुलावर बसलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “कसली चूक?” मावशींनी हात पुसून मानपत्र बसलेल्या गाईसमोर धरलं. “बाई, उठा. तुमचा सत्कार आहे.” आधी मागचे पाय, मग पुढचे. सतराबाई उठल्या. डॉक्टरीणबाईही उठल्या.