मन्नी

ऊर्मी सिमेंटच्या वाटेवर आडवी पडून टाचा आपटत होती. "अम्मा पाहिजे," एवढंच तिचं चाललं होतं. छोट्या रेल्वेच्या रांगेतले लोक वळून पाहायला लागले. पार्कची सुरक्षारक्षक बाई शिट्टी हातात धरून जवळ आली. तिच्या निळ्या गणवेशावर चंद्रिका असं नाव होतं.

तिने वाकून पोरीला तमिळमध्ये विचारलं, अम्मा कुठे आहे. ऊर्मी म्हणाली, घरी. मग ही कोण? ऊर्मीने हुंदका गिळला आणि शेजारी उभ्या कौमुदीकडे पाहिलं.

"मन्नी," ती म्हणाली.

तमिळमध्ये मन्नी म्हणजे वहिनी. रांगेतल्या दोघी-तिघी पुढे सरकल्या. एकीने कौमुदीला नीट न्याहाळलं आणि शेजारणीला सांगितलं की ही इकडची दिसत नाही, पोरं पळवणाऱ्या बायका हल्ली चांगले कपडे घालून येतात. कौमुदीला तेवढं तमिळ समजत होतं.

लग्न होऊन ती नागपूरहून चेन्नईतल्या वेलचेरीत आली, तेव्हापासून नवऱ्याची धाकटी भावंडं तिला मन्नी म्हणत आली होती. तंजावरहून तिथे आलेल्या त्या मराठी घरात वहिनीला तोच शब्द होता. सासूला, तुळसीबाईंना, सगळेच अम्मा म्हणत. मुलगे, मुलगी, सून, भांडी घासणारी गोदासुद्धा. ऊर्मी रांगायला लागली आणि कौमुदीला क्षय झाला. औषधं सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच तिच्यापासून कुणाला धोका उरला नाही. डॉक्टरांनी तसं सांगितलं, आणि सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्या कौमुदीला ते सांगावंही लागलं नाही. तरीही घराने तिला वर्षभर वेगळ्या खोलीत ठेवलं. ऊर्मी त्याच वर्षी बोलायला शिकली. घरातले ज्याला जे म्हणत, तेच तीही म्हणू लागली.

आता कौमुदीचा एक्स-रे स्वच्छ होता. ऊर्मीची गादी मात्र अजून तुळसीबाईंच्याच खोलीत होती.

काल रात्रीच्या जेवणाला कौमुदीने जाहीर केलं की उद्या ती ऊर्मीला घेऊन एकटी पार्कात जाणार, आणि यापुढे ऊर्मी तिच्या खोलीत झोपेल. तिच्या नवऱ्याने, प्राणेशने, ताटातून मान वर केली नाही. तुळसीबाई हसल्या. "संध्याकाळपर्यंत माझ्याशिवाय राहिली, तर गादी तूच उचलून ने," त्या म्हणाल्या. "नाही राहिली तर फोन कर. प्राणेश येईल न्यायला."

चंद्रिका आता घरचा नंबर मागत होती. फोन कौमुदीच्या पर्समध्येच होता. एका फोनने सगळं स्पष्ट झालं असतं, आणि गादी होती तिथेच राहिली असती.

"नंबर देणार नाही," कौमुदी आपल्या मोडक्या तमिळमध्ये म्हणाली. "ती मला मन्नी म्हणते. मी तिची आई आहे. दोन्ही खरं आहे."

मग ऑफिसात चला, चंद्रिकाने बजावलं.

कौमुदी म्हणाली, येते, पण ही उठली की. आणि ती ऊर्मीच्या शेजारी त्या तापलेल्या सिमेंटवर मांडी घालून बसली. तिने पोरीला उचललं नाही, समजावलंही नाही. पाण्याची बाटली उघडून दोघींच्या मध्ये ठेवली. रांगेतल्या बायका बोलत राहिल्या. एकजण मोठ्यानेच म्हणाली की खरी आई असती तर केव्हाच कडेवर घेतलं असतं. कौमुदी हलली नाही.

टाचा आधी थांबल्या. मग रडणं खाली आलं, नुसता सूर उरला. रेल्वेची शिट्टी वाजली तसा तोही थांबला. ऊर्मी उठून बसली. ती बाटलीतलं थोडं पाणी प्यायली, थोडं तिने फ्रॉकवर सांडलं. मग सरकत सरकत ती कौमुदीच्या मांडीवर चढली, तिच्या ओढणीचं टोक ओढून त्याला खसाखसा नाक पुसलं आणि रेल्वेकडे बोट दाखवलं.

"मन्नी, रयिल."

 चंद्रिकाने शिट्टी खिशात टाकली.

"ऑफिस राहू दे," ती म्हणाली. "परक्या बाईच्या ओढणीला पोरं असं हक्काने नाक पुसत नाहीत." रांगेतल्या बायकांना तिने मागे हटवलं. जाता जाता कौमुदीला तिने बहिणीच्या मायेने सुनावलंही, की पोरीला अम्मा म्हणायला शिकव, नाहीतर जाशील तिथे असंच होईल.

 अम्मा या शब्दावर घरात आधीच कुणीतरी बसलेलं होतं.

त्या रेल्वेत दोघी इतक्या वेळा बसल्या की शेवटी ऊर्मीच पुरे म्हणाली. परतीच्या बसमध्ये ती कौमुदीच्या खांद्यावर तोंड उघडं टाकून झोपली आणि शेअर ऑटोच्या धक्क्यांनी वेलचेरीत जागी झाली. उन्हं उतरली होती. फोन पर्समधून निघालाच नव्हता.

बेल वाजवण्याआधीच दार उघडलं. तुळसीबाई दिवसभर दाराशीच असाव्यात. मागे प्राणेश उभा होता.

"आली गं माझी बाळी," त्यांनी दोन्ही हात पुढे केले. "अम्माकडे ये. किती रडलीस?"

"पुष्कळ रडली," कौमुदी म्हणाली. "मग थांबली."

तुळसीबाईंचे हात पुढेच होते. कौमुदीने पोरीला कडेवरून उतरवलं नाही.

"ऊर्मी," ती म्हणाली, "आजीला सांग, आपण रेल्वेत बसलो."

आजी हा शब्द त्या घरात आजवर कुणी वापरलाच नव्हता. आजी कोण आली ते पाहायला ऊर्मीने मान वळवून जिन्याकडे पाहिलं. कौमुदीने तिचं बोट हातात घेतलं आणि तुळसीबाईंकडे दाखवलं.