पोचल्याचं पत्र

खोकं जिन्यावर उलटलं आणि दीड हजार कार्डं खालच्या पायरीपर्यंत घसरत गेली. एकेका कार्डावर भोकांनी लिहिलेली एकेक ओळ, सगळी मिळून आमचा कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेले प्रोग्राम कॉम्प्युटरच्या भाषेत आणणारा प्रोग्राम. तो या नव्या विद्यापीठाच्या कॉम्प्युटरवर चालवून दाखवायचा होता, आणि दारातच दोन वर्षांच्या कामाचा क्रम विस्कटला.

एक कार्ड उचललं. त्याच्या वरच्या कडेवर लाल ठिपका होता. दुसऱ्याच्या कडेवरही होता, पण जरा उजवीकडे.

मग आठवलं. आमच्याकडे कार्डं पंच करणाऱ्या हर्डीकर बाईंनी मी निघताना अख्ख्या गठ्ठ्याच्या कडांवर लाल पेन्सिलीने तिरकी रेघ ओढली होती. मी चिडलेच होते. "बाई, कार्डं खराब कशाला करता?"

"असू दे गं," त्या म्हणाल्या होत्या. "आणि पोचल्याचं पत्र टाक हं."

ठिपक्याशेजारी ठिपका लावत, अडलं तिथे ओळ वाचत, संध्याकाळपर्यंत ती रेघ पुन्हा अखंड झाली.

या कॉम्प्युटरच्या तऱ्हा निराळ्या. कंपायलर त्याच्या गळी उतरवण्यात अकरा आठवडे गेले, आणि पत्र राहूनच गेलं. शेवटी तो चालला, तेव्हा पहिला प्रोग्राम कोणता, याचा विचारही करावा लागला नाही. प्रिंटरवर रोमन अक्षरांत एकच ओळ उमटली. तो कागद तसाच फाडून मी पाकिटात घातला:

"बाई, आम्ही सगळे सुखरूप पोचलो."