शेवटची निळी पट्टी

डाबरे सिस्टर वसईच्या फुलबागायतदाराची लेक, पण भाजलेल्यांच्या वॉर्डात बावीस वर्षांत त्यांनी एक पाकळी येऊ दिली नव्हती. फुलांसोबत जंतू येत, आणि ते कुठल्याच औषधाला दाद देत नसत.

आज हर्षलाच्या आईच्या डब्यात त्यांना लपवलेला गजरा सापडला.

“चुकलं सिस्टर, वाढदिवस आहे तिचा,” आई चाचरली.

सिस्टरांनी हर्षलाची भाजलेली पाठ पाहिली. नव्या पट्टीतले नॅनोकण जंतू मारत असेपर्यंत पट्टी निळी राही. मारायला काही उरलं नाही की पांढरी होई, आणि पुढे नवे जंतू आले तरी तेही पट्टीतच मरत. वॉर्डातली ही शेवटची निळी पट्टी आज पांढरीशुभ्र झाली होती.

“चुकलंच,” हर्षलाच्या केसांत गजरा माळत सिस्टर म्हणाल्या. “अकरा जणी आहेत इथे. एकच काय आणलात?”