धपाटे

हैदराबादच्या त्या कॉलेजनं यंदा 'एक कॉलेज, एक पुस्तक' साठी नागेशची वही निवडली. रॅगिंगपायी हॉस्टेलात जीव दिलेल्या पोराची वही. छळणाऱ्यांची नावं तिच्यात नव्हती. कॉलेजनं ती छापून सगळ्यांना वाटली आणि आठवडाभर तिच्यावर निबंध, पोस्टरं, चर्चा असं सगळं झालं. शेवटच्या दिवशी एकपात्री स्पर्धा होती. बक्षीस द्यायला नागेशच्या आईला, चतुराबाईंना, उदगीरहून बोलावलं होतं.

शेवटच्या वर्षाच्या विक्रमनं छळणारा सीनियर असा काही उभा केला, की सभागृह गार पडलं. "क्या रे हौले, आईनं धपाटे धाडले काय?" असं म्हणत त्यानं डबा हुंगला आणि एकेक धपाटा मोडून हॉस्टेलच्या कुत्र्यापुढं टाकला. मुली मुसमुसल्या. प्रिन्सिपॉलांनी चष्मा पुसला.

पहिला नंबर त्याचाच आला. चतुराबाईंनी ढाल पुढं केली, पण हातातून सोडली नाही.

"लेकरा, वही मला तोंडपाठ आहे," त्या हळूच म्हणाल्या. "तिचं शेवटचं पान मंगळवारचं. धपाट्यांचा डबा मी एकदाच पाठवला, दुसऱ्या दिवशी, बुधवारच्या बसनं."

विक्रमच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं. खालून फोटोवाला म्हणत होता, "अम्मा, इकडं बघा जरा."

चतुराबाईंनी बघितलं नाही. गुरुवारी नागेश फोनवर म्हणाला होता, "आई, लई भारी झाले होते. सगळे मी एकट्यानंच खाल्ले."