न जाणारं हसू

छपाईवाल्या बाईंनी टी-शर्टावर फोटो उमटवायचे दोन कागद पुढे ठेवले. "साध्या कागदाचा फोटो चार धुण्यांत उडतो. भारीतला, कापडाच्या चिंध्या झाल्या तरी हलत नाही."

"भारीतलाच द्या!" चेअरमन घैसास गरजले. गणपतीत टी-शर्ट वाटले आणि त्यांचा हसरा चेहरा सोसायटीत घरोघरी पोचला.

वर्षभरानं ते जिना उतरत होते, तर सफाईच्या मावशी पायऱ्या पुसत होत्या. फडक्यावर घैसासच हसत होते. समोरच्या गॅलऱ्यांतही तेच वाळत होते.

"साहेब, चिंध्या झाल्या, पण तुमचं हसू काही विटलं नाही!" मावशी कौतुकानं म्हणाल्या.

घैसासांनी तडक दुकान गाठलं. बी विंगचे सुर्वे यंदा चेअरमनपदासाठी गुडघ्याला बाशिंग बांधून बसले होते.

"बाई, यंदा फोटो सुर्व्यांचा टाका," घैसास म्हणाले. "कागद मात्र तोच!"