पूर्वीसारखा हात

“दार लाव,” तो म्हणायचा. हळू, जवळजवळ मायेनं. लग्नाच्या पहिल्या वर्षी ऐकलेला तो आवाज तिच्या कानात घर करून बसला होता. कडी सरकली की मगच हात उठायचा. सुताराचा हात, रंधा ओढून ओढून फळीसारखा झालेला.

आता तोच हात डॉक्टरांच्या टेबलावर थरथरत होता.

सहा वर्षं झाली. आधी करवत सुटली, मग शर्टाची बटणं, मग तोंडातला घास. बटणं ती लावायची, घास ती भरवायची. “किती गं करतेस त्याचं!” शेजारणी म्हणायच्या. ती नुसती हसायची. कंपवाताच्या औषधांनी काडीचा फरक पडेना, म्हणून आज त्याच्या मेंदूचा फोटो काढला होता.

डॉक्टर तिच्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी पडदा दोघांकडे वळवला. काळोखात दोन उजळ चंद्रकोरी, शेजारी शेजारी, टोकापर्यंत लख्ख.

“काका, हे बघा. हालचालीला लागणारं डोपामिन पुरवणाऱ्या पेशी इथे दिसतात. कंपवात असता तर या कोरींच्या शेपट्या विझल्या असत्या, नुसते दोन ठिपके उरले असते. तुमच्या कशा टवटवीत आहेत! तुम्हाला तो रोग नाहीच.”

“मग हा हात काय लाडात आलाय?”

डॉक्टर हसल्या. “औषधानंही होतं असं. डोकं शांत करायच्या काही गोळ्या असतात, त्या डोपामिनची वाट अडवतात. तशी एखादी घेता का?”

“मी? मी काय वेडा आहे?”

“काकू, तुम्हाला काही आठवतंय?”

तिला सगळं आठवत होतं. शेवटी शेवटी सासूबाईंचं डोकं फिरलं, तेव्हा त्यांना गप्प ठेवायला दिलेल्या त्या पांढऱ्या गोळ्या. सासूबाई गेल्या, गोळ्यांची चिठ्ठी राहिली. औषधवाला अजून विचारायचा, “कशा आहेत हो सासूबाई?” “आहेत तशाच,” ती सांगायची. सकाळच्या चहात एक, संध्याकाळच्या चहात एक. साखर जरा जास्त.

“नाही बाई,” ती म्हणाली.

“शोधून काढू आपण. रक्त तपासायला लिहून देते. गोळी कुठलीही असो, ती थांबली की काही महिन्यांत हात पूर्वीसारखा होईल बघा.” डॉक्टर मान खाली घालून लिहू लागल्या.

त्यानं एकेक बोट मिटत नेलं. मूठ वळली, थरथरली, पण वळली. त्याची जीभ ओठांवरून सावकाश फिरली, जुन्या चहाची चव शोधावी तशी. मग त्यानं तिच्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं.

“ऐकलंस ना?” तो म्हणाला. “पूर्वीसारखा.”

बाहेर बाकांवर रोगी ताटकळत बसले होते. अर्धवट उघड्या दारातून त्यांची कुजबुज आत येत होती.

“दार लाव,” तो म्हणाला. हळू, जवळजवळ मायेनं.

“हो काकू, लावाच,” डॉक्टर मान वर न करता म्हणाल्या. “फार कलकल आहे बाहेर.”

ती उठली. दारापाशी गेली. फळीवर हात ठेवला. तिचा हात मुळीच हलत नव्हता. मग भिंतीला टेकेपर्यंत तिनं दार सताड उघडलं. बाकांवरच्या माना वर झाल्या.

“डॉक्टर, गोळ्या मी घालत होते,” ती म्हणाली, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. “चहातून. सहा वर्षं. लिहून घ्या. पण त्याच्या आधी, पूर्वीचा हात कसा होता, ते लिहून घ्या.”