मराठी वर्गाची बाई

नवा मध्य प्रदेश झाला त्या वर्षी वरून हुकूम आला, की जिथली बाई हिंदीतून शिकवायचं ट्रेनिंग करणार नाही, तिथला मराठी वर्ग बंद होईल. राजपुऱ्यातल्या मुलींच्या मराठी वर्गाला कुसुम एकटीच बाई. पण तिचं लेकरू अजून अंगावर पीत होतं आणि तिचा पाय घरातून निघेना.

“जाय वो सूनबाई,” सासू धुरपदाबाई म्हणाली, “वर्ग गेला तर नोकरी बी जाईन. लेकराले मी पाहीन. वाघीण नाई मी, खाणार नाई त्याले!”

खंडव्याला ट्रेनिंगच्या त्या महिन्यांत कुसुम उशीत तोंड खुपसून रडली, पण पहिल्या नंबरानं पास झाली. घरी आली तर लेकरू तिला ओळखेना, आजीच्या पदरात तोंड लपवू लागलं. निदान नोकरी तरी वाचली, असं मनाला समजावत ती दुसऱ्या दिवशी शाळेत गेली. तिच्या वर्गात मोडकी बाकं रचून ठेवली होती.

“गुरुजी, माझ्या मुली कुठं आहेत?” तिनं हेडमास्तर वामन गुरुजींना विचारलं.

“बाई, तुम्ही तिकडे ट्रेनिंगला, मग इकडे शिकवणार कोण? मुली हिंदी शाळेत पाठवल्या. वर्ग मागच्याच महिन्यात बंद झाला.”